दगड आणि थेंब : छापील प्रकाशाचा १८१ वर्षांचा इतिहास

१/
२०२० साली बर्लिनमधील हुम्बोल्ट विद्यापीठ आणि हेल्महोल्ट्झ केंद्र यांच्या संयुक्त प्रयोगशाळेतून एका लहानशा हिरव्या दिव्याची वार्ता आली. घरातल्या प्रिंटरच्या नोझलमधून शाई सुटते, तशीच एक शाई थेंबाथेंबाने सोडून या दिव्याचा प्रकाश देणारा थर छापला होता. वाळल्यावर त्या शाईचे स्फटिक झाले आणि विजेचा दाब देताच ते उजळले. त्या पदार्थाच्या कुळाचे नाव पेरोव्हस्काइट. हे नाव १८३९ साली, बर्लिनच्याच त्याच विद्यापीठातील एका प्राध्यापकाने एका दगडाला दिले होते. नाव आणि छापील दिवा यांच्यामध्ये १८१ वर्षे आहेत. त्या वर्षांत काय घडले, याचा हा धागा.

२/
पेरोव्हस्काइटची ओळख आज ‘नवा चमत्कारी पदार्थ’ अशी करून दिली जाते आणि त्याची कथा बहुधा २००९ पासून सांगितली जाते. वस्तुस्थिती निराळी आहे. आज दिव्यांत वापरले जाणारे शिशाचे एक संयुग १८९३ साली तयार झाले होते. द्रवाच्या धारेचे थेंब का होतात, याचे गणित १८७८ साली मांडले गेले होते. म्हणजे छापील दिव्याचे दोन्ही पाय एकोणिसाव्या शतकात रोवले गेले. तरी ते एका जागी यायला सव्वाशे वर्षे लागली. इतिहासाच्या अभ्यासकासाठी कळीचा प्रश्न हाच आहे : ज्ञान हाताशी असताना त्याचा उपयोग का होत नाही?

३/
आधी दगडाची कथा. गुस्ताव रोझ हे बर्लिन विद्यापीठातील खनिजशास्त्रज्ञ. १८२९ साली अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांच्या उरल आणि सैबेरियाच्या मोहिमेत ते सहभागी होते. दहा वर्षांनी त्यांच्याकडे उरल पर्वतातील एक काळपट, जड खनिज आले. ते देणारे ऑगस्ट कॅमरर हे रशियातील खनिजसंग्राहक होते. रोझ यांनी त्याचे रासायनिक पृथक्करण केले. ते कॅल्शियम आणि टायटॅनियमचे ऑक्साइड निघाले. कॅमरर यांच्या सूचनेवरून रशियन सरदार लेव्ह पेरोव्हस्की यांचे नाव त्याला देण्यात आले. पेरोव्हस्की खनिजांचे शौकीन होते, पुढे रशियाचे गृहमंत्री झाले; या शोधात मात्र त्यांचा हात नव्हता.

४/
हा दगड प्रकाश देत नाही. आजच्या दिव्यांत कॅल्शियम नसते आणि टायटॅनियमही नसते. मग नाव तेच का? कारण ‘पेरोव्हस्काइट’ हे आता एका पदार्थाचे नाव राहिलेले नाही; ते अणूंच्या एका रचनेचे नाव झाले आहे. मधोमध एक धातूचा अणू, त्याच्या सहा दिशांना सहा अणू, अशी अष्टफलके कोपऱ्याला कोपरा जोडून उभी असतात आणि त्यांच्यामधल्या पोकळीत एक मोठा अणू बसतो. घरे तीच, कुटुंबे बदलणारी. ही चाळीची रचना नीट लक्षात ठेवावी. पुढची सारी कथा तिच्यावर उभी आहे.

५/
१८९३. अमेरिकेतील येल येथे होरेस वेल्स नावाचे रसायनशास्त्रज्ञ सीझियम, शिसे आणि हॅलोजन (क्लोरिन, ब्रोमिन, आयोडिन) यांची संयुगे बनवत होते. त्यांनी त्यांची सूत्रे नोंदवली, वर्णन केले आणि शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांतील सीझियम, शिसे आणि ब्रोमिन यांचे संयुग म्हणजे आजच्या हिरव्या पेरोव्हस्काइट दिव्यांत वापरला जाणारा एक प्रमुख पदार्थ. वेल्स यांना ते कळणे शक्य नव्हते. क्ष-किरणांचा शोध दोन वर्षांनी लागायचा होता आणि क्ष-किरणांनी स्फटिकातील अणूंची जागा ओळखण्याची रीत १९१२ नंतरची. अर्धवाहकांचे शास्त्र तर त्याहून पुढचे. पदार्थ होता, त्याला विचारायचा प्रश्न अजून जन्माला आला नव्हता.

६/
१९२० च्या दशकात ऑस्लोमध्ये व्हिक्टर गोल्डश्मिट आणि त्यांचे सहकारी क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना उलगडत होते. १९२६ साली गोल्डश्मिट यांनी एक साधे गुणोत्तर मांडले : अणूंचे आकार ठाऊक असतील, तर ते या चाळीत नीट मावतील की नाही, हे आधीच सांगता येते. दगडाचे नाव येथे रचनेचे नाव झाले. १९४५ साली हेलन मेगॉ यांनी बेरियम टायटॅनेटची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. तो पदार्थ विद्युत कपॅसिटरांसाठी फार मोलाचा ठरला. त्यामुळे पुढील काही दशके पेरोव्हस्काइट म्हटले की संशोधकांपुढे ऑक्साइडच येई. शिसे आणि हॅलोजनची शाखा बाजूला पडली.

७/
त्या शाखेकडे लक्ष वळवले ते डेन्मार्कचे ख्रिस्तियन मोलर यांनी. १९५७-५८ मध्ये त्यांनी दाखवले की वेल्स यांच्या संयुगांची रचना पेरोव्हस्काइटचीच आहे; आणि त्यांवर प्रकाश पडला की त्यांतून वीज अधिक सहज वाहते. प्रकाश आणि वीज यांचे नाते इथे प्रथमच नोंदले गेले. वीस वर्षांनी, १९७८ साली, स्टुटगार्ट येथे डिटर वेबर यांनी सीझियमच्या जागी मिथिलअमोनियम हा छोटा सेंद्रिय आयन बसवला. सेंद्रिय आणि असेंद्रिय यांचा हा संकर पुढे सौर घटांत जगभर गाजला. त्या वेळी तो स्फटिकशास्त्राच्या मासिकी चर्चेपुरता राहिला.

८/
दिवा म्हणून पहिला गंभीर प्रयत्न जपानमधला. १९९४ साली क्युशू विद्यापीठातील एरा, मोरिमोतो, त्सुत्सुई आणि साइतो यांनी थरांच्या रचनेच्या शिसे-आयोडाइड पेरोव्हस्काइटमधून विजेच्या साहाय्याने हिरवा प्रकाश मिळवला. तो चांगलाच प्रखर होता. अडचण एकच : उपकरण द्रवरूप नायट्रोजनाच्या तापमानाला, म्हणजे सुमारे उणे १९६ अंशांना, ठेवावे लागे. जो दिवा लावण्यासाठी आधी त्याला गोठवावे लागते, त्याला दिवाणखान्यात जागा मिळत नाही. प्रयोग यशस्वी होता, तरी त्यावर उद्योग उभा राहिला नाही.

९/
आता थेंबाची कथा. पाण्याची बारीक धार काही अंतर गेल्यावर तुटून तिचे थेंब होतात. नळाखाली हे कोणीही पाहू शकतो. १८३३ साली फ्रान्सचे फेलिक्स साव्हार यांनी त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. पुढे बेल्जियमचे जोसेफ प्लातो यांनी पृष्ठताणाचा संबंध दाखवला. आणि १८७८ साली लॉर्ड रॅले यांनी धारेच्या अस्थिरतेचे गणित मांडले. धारेला बाहेरून ठरावीक कंप दिला, तर थेंब सारख्या आकाराचे आणि ठरावीक वेळाने पडतात. इंकजेटचा पाया हाच. छपाईचा विचार मात्र या संशोधनामागे नव्हता.

१०/
छपाई आली तारायंत्रातून. समुद्राखालच्या केबलमधून येणारा विद्युतसंकेत फार क्षीण असे. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८६७ साली सायफन रेकॉर्डरचे पेटंट घेतले : काचेच्या अतिशय बारीक नळीतून विद्युतभाराच्या ओढीने शाई सरकत्या कागदी पट्टीवर उतरे आणि संकेताची नागमोडी रेघ उमटे. १८७० साली मुंबई–एडन केबल टाकली गेली, त्या पिढीतील सागरी तारायंत्रांसाठीच हे यंत्र होते. नळी कागदाला टेकत नसे, हे त्याचे वैशिष्ट्य. स्पर्शाविना लेखन, ही कल्पना येथून पुढे चालत आली.

११/
यानंतरचा टप्पा वैद्यकातला. स्वीडनचे रुने एल्मक्विस्ट हे डॉक्टर आणि अभियंता. हृदयाचे ठोके नोंदणाऱ्या यंत्रात जड लेखणी मागे पडते, म्हणून त्यांनी शाईची बारीक धारच लेखणीसारखी हलवली; १९५१ साली त्यांना त्याचे अमेरिकी पेटंट मिळाले. शरीरात बसवण्याचा पहिला पेसमेकर १९५८ साली बनवणारेही तेच. १९६० च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये रिचर्ड स्वीट यांनी रॅलेच्या थेंबांना विद्युतभार देऊन त्यांची दिशा वळवली. म्हणजे इंकजेटचे पहिले वाचक हृदयरोगतज्ज्ञ आणि तारबाबू होते. पुस्तकवाले नंतर आले.

१२/
‘हवा तेव्हाच थेंब’ ही पुढची पायरी. १९७० च्या दशकात पिझो पद्धत विकसित झाली : विजेने आकुंचन पावणारा स्फटिक शाईच्या कोठीला चिमटा घेतो आणि एक थेंब उडतो. १९७७ साली कॅनन कंपनीत इचिरो एंदो यांच्या प्रयोगशाळेत तापलेली सोल्डरिंग इस्त्री शाईच्या पिचकारीच्या सुईला लागली आणि शाई उडाली. उष्णतेने बुडबुडा, बुडबुड्याने थेंब, ही पद्धत त्यातून निघाली. ह्यूलेट-पॅकार्डमध्ये जॉन वॉट स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले. १९८४ च्या थिंकजेट प्रिंटरमध्ये १२ छिद्रे होती. गंमत अशी की पिझो प्रिंटरला थेंब उडवून देणारे सिरॅमिकही बहुधा पेरोव्हस्काइट रचनेचेच असते. दगडाचे एक भावंड तेव्हाच प्रिंटरमध्ये जाऊन बसले होते!

१३/
दोन्ही वाटा जवळ आल्या त्या एका तिसऱ्याच पदार्थामुळे. १९९० साली केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतील बरोज, ब्रॅडली, फ्रेंड आणि सहकारी यांनी एका प्लास्टिकमधून विजेने प्रकाश मिळवला. आजवर दिव्याचे अर्धवाहक तापलेल्या भट्टीत किंवा निर्वात पात्रात वाढवावे लागत. येथे प्रकाश देणारा थर द्रावणातून पसरवला होता. पदार्थ विरघळतो, म्हणजेच त्याची शाई होऊ शकते. एवढा एक बदल, पण त्याने कारखान्याची कल्पनाच पालटली. दिवा ‘घडवण्या’ऐवजी दिवा ‘छापता’ येईल, हा विचार आता हास्यास्पद राहिला नाही.

१४/
१९९८ साली अमेरिकेत प्रिन्स्टनच्या गटाने आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील गटाने इंकजेटने छापलेले पॉलिमर दिवे दाखवले. २००० साली केंब्रिजचे हेन्निंग सिरिंगहाउस आणि जपानच्या सायको एप्सनचे संशोधक यांनी संपूर्ण पॉलिमरचे ट्रान्झिस्टर छापले. थेंब तर इकडेतिकडे पडतात. मग दोन विद्युताग्रांत अवघे ५ मायक्रोमीटर अंतर कसे राखले? त्यांनी पृष्ठभागावर पाणी न धरणारी एक अरुंद पट्टी आधीच आखली. थेंब पट्टीच्या दोन बाजूंना आपोआप वेगळे झाले. छपाईचे कौशल्य थेंब फेकण्यात कमी आणि जमीन तयार करण्यात जास्त आहे, हे येथे दिसले.

१५/
थेंब पडल्यानंतरही काम संपत नाही. चहाचा थेंब ओट्यावर वाळला की कडेला गडद कडे उमटते आणि मधला भाग फिका राहतो. १९९७ साली शिकागो विद्यापीठातील रॉबर्ट डीगन आणि सहकारी यांनी त्याचे कारण दिले : थेंबाची कड जागेवर घट्ट चिकटते, तिथले द्रव लवकर उडते, ती तूट भरायला आतला द्रव बाहेर वाहतो आणि सोबत सारा माल कडेला नेऊन टाकतो. कागदावर हा डाग खपतो. दिव्यात खपत नाही. थर जिथे पातळ, तिथूनच वीज निसटते. त्यासाठी वेगवेगळ्या वेगाने उडणारी द्रावके मिसळतात आणि प्रत्येक पिक्सेलभोवती शेतासारखा बांध घालतात.

१६/
दगडाची वाट या वेळी पुन्हा जागी होत होती. जपानमधील योकोहामाच्या तोइन विद्यापीठात त्सुतोमु मियासाका यांच्याकडे अकिहिरो कोजिमा नावाचा पदव्युत्तर विद्यार्थी आला. रंगद्रव्याच्या सौर घटात रंगाच्या जागी शिसे-हॅलाइड पेरोव्हस्काइट वापरून पाहावे, हा त्याचा ध्यास. २००९ साली प्रसिद्ध झालेली कार्यक्षमता ३.८ टक्के होती आणि घटातील द्रवात पेरोव्हस्काइट लवकरच विरघळून जाई. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड येथे, तसेच कोरिया आणि स्वित्झर्लंडच्या गटांनी मिळून, त्या द्रवाच्या जागी घन थर आणला आणि कार्यक्षमता १० टक्क्यांच्या आसपास पोहोचली. मग मात्र जगभर झुंबड उडाली.

१७/
चांगला सौर घट प्रकाश गिळून वीज देतो. तोच पदार्थ वीज घेऊन प्रकाश देऊ शकतो का? २०१४ साली केंब्रिजमध्ये झी-क्वांग टॅन, रिचर्ड फ्रेंड आणि सहकारी यांनी सामान्य तापमानाला चालणारे पेरोव्हस्काइट दिवे दाखवले. १९९० च्या प्लास्टिक दिव्यातील फ्रेंड ते हेच. आरंभी कार्यक्षमता एक टक्क्याहूनही कमी होती : अवरक्त दिव्याची ०.७६ टक्के, हिरव्याची ०.१ टक्के. २०१८ मध्ये अनेक गटांनी २० टक्क्यांची सीमा ओलांडली. चार वर्षांची ही झेप आकाशातून पडली नव्हती. विद्युताग्रे, भार वाहून नेणारे थर, मोजमापाच्या रीती, हे सारे प्लास्टिक दिव्यांनी वीस-पंचवीस वर्षांत घडवून ठेवले होते.

१८/
२०१५ हे आणखी एक महत्त्वाचे वर्ष. झुरिकच्या ईटीएचमध्ये मक्सिम कोव्हालेन्को यांच्या गटाने वेल्स यांच्याच सीझियम-शिसे-हॅलाइडचे काही नॅनोमीटरचे स्फटिक बनवले. क्लोरिन घातले की निळसर, ब्रोमिनने हिरवा, आयोडिनने तांबडा. मिश्रण बदलून ४१० ते ७०० नॅनोमीटरपर्यंतचा कोणताही रंग. त्याच वर्षी पुण्याच्या आयसर संस्थेतील अंशुमान नाग यांच्या गटाने, आयआयटी मुंबईच्या सहकाऱ्यांसह, सीझियम-शिसे-ब्रोमाइडच्या नॅनोस्फटिकांच्या प्रकाशाचा अभ्यास ‘आंगेवांड्टे केमी’ या जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध केला. १८९३ चा पदार्थ आता पुणे-मुंबईच्या प्रयोगशाळांतही चमकत होता.

१९/
या स्फटिकांचा मोठा गुण म्हणजे सोशीकपणा. इतर बहुतेक अर्धवाहकांत रचनेतील लहानसा दोषही प्रकाश मारून टाकतो. म्हणून त्यांना कमालीचे शुद्ध ठेवावे लागते किंवा वरून दुसऱ्या पदार्थाचे कवच चढवावे लागते. शिसे-हॅलाइड पेरोव्हस्काइटमध्ये बरेचसे दोष निरुपद्रवी ठरतात. द्रावणातून, साध्या उष्णतेत, घाईने वाढलेले स्फटिकही चांगले उजळतात. शिवाय त्यांचा रंग अरुंद पट्ट्यातला, म्हणजे अस्सल असतो. छपाईसाठी याहून अनुकूल स्वभाव कोणता? थेंब वाळताना होणारी हेळसांड जो पदार्थ सहन करतो, तोच शाई होण्यास लायक.

२०/
तरीही आरंभीचे जवळजवळ सर्व पेरोव्हस्काइट दिवे छापलेले नव्हते. काचेचा तुकडा चकतीवर गरगर फिरवायचा, वर द्रावण टाकायचे. पातळ थर उरतो आणि बहुतेक माल कडेने उडून जातो. शोधनिबंधाला ही रीत पुरते, पडद्याला पुरत नाही. पडद्यावर लाल, हिरवे, निळे पिक्सेल शेजारी शेजारी हवेत; फिरवून तर सगळीकडे एकच रंग लागतो. ठिपक्यांची रांगोळी पिठाची परात उधळून काढता येत नाही. ठिपक्यावर ठिपका ठेवणारा हात लागतो आणि तो हात म्हणजे इंकजेट. १० पिकोलिटरचा एक थेंब सुमारे २७ मायक्रोमीटर व्यासाचा असतो.

२१/
पण फिरवण्यात एक गुपित दडले होते. फिरत्या काचेवर योग्य क्षणी दुसरे द्रावक टाकले की स्फटिकांची असंख्य बीजे एकदम रुजतात आणि सलग, बारीक कणांचा थर मिळतो. छापलेला थेंब शांत बसून वाळतो. त्यात थोडीच बीजे पडतात, ती मोठी होतात, मध्ये भेगा राहतात आणि वीज प्रकाश न देता भेगांतून निघून जाते. येथेच बर्लिनचा गट कामी आला. एमिल लिस्ट-क्राटोख्विल यांच्या नेतृत्वाखालील संशोधकांनी पेरोव्हस्काइटच्या खालच्या पॉलिमर थरात पोटॅशियम क्लोराइड हे साधे मीठ मिसळले.

२२/
खडीसाखर करताना पाकात दोरा सोडतात. साखरेचे खडे दोऱ्याला धरून वाढतात. बर्लिनमध्ये मिठाच्या स्फटिकांनी त्या दोऱ्याचे काम केले. वर छापलेल्या पेरोव्हस्काइटला रुजण्यासाठी ठिकठिकाणी आधार मिळाला आणि फिरवण्याची गरज उरली नाही. चीनमध्ये बीजिंग इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या गटाने २०१९ साली निराळी वाट दाखवली : कच्च्या मालाची शाई पॉलिमरच्या थरावर छापायची, म्हणजे नॅनोस्फटिक त्या थरातच जन्मतात आणि पॉलिमर त्यांचे रक्षण करतो. पहिल्या वाटेत वीज थेट प्रकाश काढते. दुसरीत निळा प्रकाश आत जाऊन हिरवा किंवा तांबडा बाहेर येतो.

२३/
दुसऱ्या वाटेचा व्यवहारातील पुरावा दुसऱ्या पदार्थाने दिला आहे. सॅमसंगच्या क्यूडी-ओलेड पडद्यांत निळ्या प्रकाशावर क्वांटम ठिपक्यांचा रंगबदल करणारा थर इंकजेटने छापला जातो आणि असे दूरचित्रवाणी संच २०२२ पासून बाजारात आहेत. तेथील ठिपके पेरोव्हस्काइटचे नाहीत. म्हणजे छपाईचे यंत्र आणि कारखान्याची शिस्त सिद्ध झाली आहे. पेरोव्हस्काइटला त्या यंत्रात प्रवेश मिळतो का, एवढे ठरायचे आहे. त्याच्या वाटेत तीन अडथळे उभे आहेत आणि तिन्ही त्याच्या गुणांतूनच आले आहेत.

२४/
पहिला अडथळा रंगांचा. हॅलोजनची अदलाबदल सोपी, म्हणून रंग हवा तसा मिळतो. आणि ती सोपी, म्हणूनच तांबडा आणि हिरवा थेंब एकमेकांना लागले की आयोडिन आणि ब्रोमिन जागा बदलतात नि दोन्हींचा रंग बिघडतो. दुसरा आयुष्याचा. आयन सहज हलतात, विजेच्या दाबाने सरकतात, ओलाव्याने रचना मोडते. विक्रीच्या पडद्याला हजारो तास टिकावे लागते आणि निळा पेरोव्हस्काइट दिवा त्यापासून फार दूर आहे. तिसरा शिशाचा. ते विषारी आहे, पाण्यात विरघळणाऱ्या रूपात अधिकच. युरोपीय नियमांत विद्युत उपकरणांतील शिशावर मर्यादा आहेत. कथील वापरून पाहिले जाते, पण ते हवेत लवकर बिघडते.

२५/
आणि तांत्रिक अडथळे संपले, तरी बाजाराचा उरतो. यासाठी जपानच्या जेओलेड या कंपनीचा इतिहास वाचावा. सोनी आणि पॅनासॉनिक यांचे ओलेड संशोधन एकत्र करून २०१५ साली ती उभी राहिली. छापलेले ओलेड पडदे तिने खरोखर बनवले आणि विकले. छपाईत माल वाया जात नाही, महागडी निर्वात यंत्रे कमी लागतात, म्हणून पडदे स्वस्त होतील, हा हिशेब होता. तोवर निर्वात पद्धतीचे कारखाने इतके मोठे आणि सरावलेले झाले होते की तो हिशेब जुळला नाही. मार्च २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. छपाई जमली होती. धंदा जमला नाही.

२६/
आता मूळ प्रश्नाकडे. वेल्स यांचा पदार्थ इतकी वर्षे का पडून राहिला? कारण पदार्थाची माहिती म्हणजे उपयोगाचे ज्ञान नव्हे. त्याची रचना कळायला क्ष-किरण हवे होते, रचनेला नाव द्यायला गोल्डश्मिट, वीज-प्रकाशाचा संबंध ओळखायला मोलर. द्रावणातून दिवा होतो, हा विश्वास यायला प्लास्टिक हवे होते. आणि थेंब नेमका ठेवायला तारायंत्र, हृदयलेख व कार्यालयीन प्रिंटर यांनी मिळून घडवलेला हात. यातील कोणालाही पुढचा माणूस दिसत नव्हता. ‘सारे याच दिशेने चालले होते’ हा समज आपण शेवट ठाऊक असल्यामुळे करून घेतो.

२७/
म्हणून बर्लिन ते बर्लिन हे वर्तुळ देखणे असले, तरी त्याला नियती समजू नये. रोझ यांच्या खुर्चीपासून त्या छापील दिव्यापर्यंत सरळ रस्ता नाही; वाटेत येल, ऑस्लो, फुकुओका, केंब्रिज, योकोहामा, झुरिक, बीजिंग, पुणे आहेत आणि प्रत्येक ठिकाणी कथा थांबू शकली असती. १९९४ साली ती थांबलीच होती. उद्या पेरोव्हस्काइटचा पडदा घरोघर आला, तर विजयाची गोष्ट लिहिली जाईल. नाही आला, तर कदाचित कोणी लिहिणारही नाही. इतिहास वाचणाऱ्याने दोन्ही शक्यतांची नोंद ठेवावी.

२८/
विज्ञानाचा इतिहास आवडणाऱ्या तरुण वाचकांसाठी एक सोपा अभ्यास. कोणत्याही ‘नव्या’ शोधाची बातमी आली की तीन तारखा शोधाव्यात : तो पदार्थ प्रथम कधी बनला, त्याची रचना कधी कळली आणि तो हवा तिथे ठेवण्याचे साधन कधी आले. पेरोव्हस्काइटच्या हिरव्या दिव्यासाठी ही वर्षे साधारण १८९३, १९५८ आणि २०२० अशी येतात. या तारखांमधल्या मोकळ्या जागेतच विसरलेले निबंध, गोठवलेले दिवे आणि बंद पडलेल्या कंपन्या सापडतात. इतिहासाचा बराचसा ऐवज तिथेच असतो.

(धागा समाप्त)